जुने डेनिम जॅकेट: उसवण आणि जुळवण

डेनिमचे जॅकेट हा वऱ्हाडात जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा कपडा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मूर्तिजापूरच्या रेल्वे स्थानकावर किंवा बसथांब्यावर ते अनेकांच्या अंगावर दिसते. होळी जवळ आली की ते खुंटीवरून कपाटात जाते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा त्याची आठवणही नकोशी होते. म्हणून इथले जॅकेट फाटण्याच्या आधीच बाद होते. खांद्यात तंग झालेले, कॉलरवर पांढरट पडलेले, एखादे बटण गेलेले, पण कापड बहुतेक ठिकाणी अजून धडधाकट, अशा अवस्थेत ते गाठोड्यात पडून राहते किंवा जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईकडे जाते. एका जॅकेटात सुट्या केल्या तर वीसहून जास्त पट्ट्या आणि तुकडे निघतात. प्रत्येकाची जाडी, आकार आणि झीज वेगळी असते. जुन्या जॅकेटचा चांगला उपयोग करायचा तर अख्खे जॅकेट डोळ्यांसमोर न ठेवता हे तुकडे ओळखावे लागतात.

आधी कापडाविषयी. डेनिम हे सुती कापड तिरप्या विणीचे असते. उभा धागा निळीच्या हौदात रंगवलेला, आडवा धागा पांढराच ठेवलेला. उभा निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, त्यामुळे कापडाची सुलट बाजू निळी आणि उलट बाजू फिकी दिसते. रंगवताना सूत हौदात थोडा वेळ बुडवून बाहेर हवेत काढतात आणि पुन्हा बुडवतात. निळीचे थर धाग्याच्या बाहेरच्या भागावरच बसतात, गाभा पांढरा राहतो. घासले जाईल तिथे वरचा थर निघून आतला पांढरा उघडा पडतो. कोपर, कॉलरची घडी आणि खिशांच्या कडा फिक्या होतात त्या यामुळे. बहुतेक कपड्यांत रंग उडणे हा दोष असतो. डेनिममध्ये मात्र एकाच कपड्यातून गडद निळा, आकाशी आणि जवळजवळ पांढरा अशा छटा हाताशी येतात, आणि उलट बाजूही वापरली तर त्यांत आणखी एकीची भर पडते.

हे कापड वऱ्हाडाला परके नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहण्यासाठी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना अडीच फुटी रेल्वेमार्ग टाकला. हीच लोकांच्या तोंडी बसलेली शकुंतला. यवतमाळच्या काळ्या जमिनीतला कापूस या गाडीने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या रेल्वेने मुंबईला जाई. गाडी आता बंद आहे, पण त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, यवतमाळात, १९९०च्या दशकात रेमंडची डेनिमची गिरणी उभी राहिली. ज्या मातीत पऱ्हाटी उगवते तिच्याच शेजारी तिचे डेनिम विणले जाते. त्या कापसामागे पेरणी, निंदण, वेचणी अशी किती हातांची मेहनत असते हे इथे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच इथे धडके डेनिम चुलीत किंवा उकिरड्यावर जाताना पाहणे अधिक खुपते.

चिंधीची किंमतही या परिसराने फार पूर्वीच ओळखली आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी मामाच्या घरी गेले. पुढे त्यांच्या अंगावर कायम ठिगळांचा, चिंध्या जोडून केलेला कपडा असे आणि लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. घरोघरच्या बायका तर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, धावदोऱ्याच्या ओळींनी ते एकत्र बांधून गोधडी शिवतच आल्या आहेत. डेनिमच्या पुनर्वापरासाठी जे कसब लागते ते बरेचसे हेच आहे. जपानच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकरी घरांतही निळीने रंगवलेल्या कापडांवर पिढ्यान्‌पिढ्या ठिगळे लावून, धावदोरा घालून कपडे टिकवले जात. ‘बोरो’ नावाने ओळखले जाणारे ते कपडे आज संग्रहालयांत मांडलेले असतात. गोधडीचा धावदोरा त्याहून कमी प्रतीचा नाही.

जॅकेट हाती घेतल्यावर पहिले काम परीक्षेचे. ते उजेडासमोर धरले की झिजलेला भाग लगेच कळतो, कारण तिथून उजेड झिरपतो. काखेखालचा भाग, कफची कड आणि कॉलरची घडी बहुधा थकलेली असतात. पाठीचा मधला पट्टा आणि खांद्यांवरचा आडवा तुकडा, ज्याला शिंपी योक म्हणतात, हे सर्वांत दणकट निघतात. नंतर कापड आडवे ताणून पाहावे. ते रबरासारखे ताणून परत आले तर त्यात इलॅस्टेन म्हणजे ताणाचा धागा आहे असे समजावे. ताणाचे डेनिम आणि साधे डेनिम एकाच वस्तूत जोडले तर शिवण लाटांसारखी उठते, म्हणून ते वेगळे ठेवलेले बरे. पॉलिएस्टरची भेसळ ओळखायला कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखा वास देत जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी तयार होतो. स्वयंपाकघरात वापरायच्या वस्तूंसाठी मणी होणारे कापड घेऊ नये.

मग धुणे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथल्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापड वाळल्यावर कडक लागते. शेवटचे खळबळणे तरी नळाच्या गोड्या पाण्यात किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात केले तर कापड मऊ राहते आणि सुई सहज जाते. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की निळा रंग पक्का होतो, अशी समजूत सर्वत्र आहे. निळीच्या बाबतीत तिला आधार नाही. निळीचा कण पाण्यात विरघळत नाही, तो धाग्यात नुसता अडकून बसतो. सैल कण धुऊन जाईपर्यंत दोन-तीनदा धुणे हाच खरा उपाय. ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमाल निळा होत असेल तर ते कापड उशीच्या अभ्र्याला किंवा फिक्या रंगाच्या साडीशेजारी टेकणाऱ्या पिशवीला अजून योग्य झालेले नाही.

खरे कौशल्य उसवण्यात आहे. कात्री घेऊन सरळ कापायला सुरुवात केली की शिवणींच्या आतले कापड वाया जाते आणि तुकड्यांच्या कडा वाकड्या येतात. जॅकेटच्या लांब शिवणी दुहेरी असतात: दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत घडी घालून वरून दोन समांतर ओळी टाकलेल्या. यातली शिलाई अनेकदा साखळीटाक्याची असते. उलट बाजूला टाक्यांची साखळी दिसली तर शेवटच्या टोकाचा एक टाका तोडून दोरा ओढून पाहावा. बरोबर टोक सापडले तर पूर्ण शिवण सर्रकन सुटत जाते. चुकीच्या टोकाने ओढली तर गाठ बसते, मग दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न करावा. साध्या मशीनच्या टाक्याला ही सोय नाही. तिथे दर तीन-चार टाक्यांवर उसवणीचे टोक घालून एका बाजूचा दोरा तोडत जावे आणि मग दुसऱ्या बाजूचा अख्खा दोरा ओढून काढावा. उसवलेल्या जागी घडीच्या आतला कधीच ऊन न पाहिलेला गडद निळा पट्टा उघडा पडतो. पुढे गोधडीत किंवा पिशवीवर हाच पट्टा नक्षीसारखा वापरता येतो.

धातूची बटणे खिळ्यासारखी ठोकून बसवलेली असतात. पक्कडीने मागची टोपी धरून फिरवली तर ती निघतात, पण निघताना खिळा वाकतो आणि बटण पुन्हा नीट बसत नाही. म्हणून बटणे न काढता बटणपट्टी आणि तिच्यासमोरची काजपट्टी सलग ठेवणे शहाणपणाचे. शिवायला मशीन असेल तर सोळा किंवा अठरा नंबरची सुई, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा आणि नेहमीपेक्षा लांब टाका, साधारण साडेतीन मिलिमीटरचा, ठेवावा. घरात जुनी पायाची मशीन असेल तर ती या कामाला अनेक नव्या हलक्या विजेच्या मशीनपेक्षा चांगली चालते. अनेक थर एकत्र येतात ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करावी आणि तिथे चाक हाताने फिरवावे, म्हणजे सुई मोडत नाही.

जॅकेट अंगाला येत असेल तर ते पूर्ण उसवण्याची गरजच नाही. वऱ्हाडाच्या हवेला सर्वांत सोयीचा बदल म्हणजे बाह्या काढून त्याचे बिनबाह्यांचे जाकीट करणे. थंडीत ते स्वेटरवर चढते, आणि थंडी ओसरल्यावरही सकाळी दुचाकीवर छातीला वारा लागू देत नाही. बाही कापू नये, मुंढ्याची शिवण उसवून काढावी. मग उरलेली कड आत दोनदा दुमडून शिवावी, किंवा जुन्या साडीच्या काठाने तिला गोट लावावा. करवतकाठी साडीचा दातेरी काठ निळ्यावर फार उठून दिसतो. दशा सोडायच्या असतील तर कडेपासून बोटभर आत शिवणीची एक ओळ टाकून बाहेरचे धागे सुईने ओढावेत. आडवी कड असेल तर पांढरे धागे निघून निळ्या दशा राहतात, उभी कड असेल तर निळे धागे निघून पांढऱ्या राहतात. शिवणीची ओळ टाकली नाही तर दर धुण्याला कापड उसवत जाईल.

पाठीवर पैठणीच्या पदराचा, खणाचा किंवा आजीच्या लुगड्याचा तुकडा बसवण्याची पद्धत आता बरीच रूढ आहे. त्यात एकच काळजी घ्यावी लागते: वरचा तुकडा आधी धुऊन, आटवून घ्यावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आकसतो आणि भोवतालचे डेनिम चुण्या पडून गोळा होते. रेशमी तुकडा लावल्यावर ते जॅकेट बादलीत आपटून धुण्याचे राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. फाटलेल्या कोपराला आतून ठिगळ लावून वरून पांढऱ्या जाड दोऱ्याने धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घातल्या तर ती दुरुस्ती लपवायची गरज उरत नाही. गोधडी शिवणारा हात हे काम एका बैठकीत करतो. कापडावर चित्र काढायचे तर कापडासाठी मिळणारे रंग वापरावेत आणि वाळल्यावर वरून दुसरे कापड ठेवून गरम इस्त्री फिरवावी.

ब्लीचने छटा काढणे मात्र जपून. ब्लीच निळीला नष्ट करते, पण जास्त वेळ राहिले तर सुतालाही खाते. ताणाचे धागे तर लवकर निकामी होतात. काम उघड्या अंगणात, हातमोजे घालून करावे. ब्लीच थांबवण्यासाठी त्यावर व्हिनेगर ओतण्याची सूचना काही ठिकाणी ऐकू येते. ती धोक्याची आहे, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. भरपूर पाण्याने धुऊन सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे हायपोच्या, पाण्यात बुडवणे हा योग्य मार्ग.

सुट्या केलेल्या भागांत बाही सर्वांत उपयोगी, कारण ती तयार नळी असते. कापूस वेचताना पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडांची टोके हाताला ओरबाडतात, म्हणून अनेक मजूर बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात. डेनिमच्या दोन सुट्या बाह्या हे काम अधिक चांगले करतात: मनगटाला मूळचा कफ आणि बटण तसेच ठेवायचे, वरच्या टोकाला दुमड घालून त्यातून इलॅस्टिक ओवायचे. पोलक्याच्या बाहीवरून त्या चढतात, पाठ-पोट मोकळे राहते आणि दुपारी ऊन वाढले की काढून ओच्यात खोचता येते. वेचणीचा हंगाम दिवाळीपासून थंडीत चालतो, त्यामुळे सकाळच्या गारठ्यातही त्या उपयोगी पडतात. फवारणीसाठी मात्र या बाह्या किंवा जॅकेट वापरू नये. सुती कापड औषध शोषून घेते आणि तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवते. फवारणीला पाणी आत न जाऊ देणारा पोशाखच हवा.

बाहीचा दुसरा उपयोग उन्हाळ्याचा. कोपराखालचा भाग घेऊन खालचे तोंड गोल तुकड्याने बंद केले की पाण्याच्या बाटलीची खोळ होते. बाटली भरून खोळ ओली करून सावलीत, वारा लागेल अशी टांगली की पाणी गार होते. ओल्या कापडातले पाणी वाफ होताना बाटलीतली उष्णता घेऊन जाते, हेच जुन्या छागळीचे तत्त्व. वऱ्हाडातली एप्रिल-मेची कोरडी हवा यासाठी उत्तम, पावसाळ्यातल्या दमट हवेत ती खोळ फारसे काम करत नाही. खोळीला डेनिम घेताना रंग पूर्ण सुटलेला असावा, आणि दर दोन-चार दिवसांनी ती कडक उन्हात वाळवावी.

जॅकेटच्या पुढच्या दोन्ही बाजू बटणे लावून एकत्र ठेवल्या तर उशीचा अभ्रा जवळजवळ तयारच असतो. सोळा इंची उशीसाठी बटणपट्टी बरोबर मध्ये येईल असा सतरा इंचांचा चौकोन आखावा आणि मागे जुन्या चादरीचे तेवढेच कापड लावून चारही बाजू शिवाव्यात. उशी आत घालायची वाट म्हणजे जॅकेटचीच बटणे. छातीवरचे खिसे तसेच राहतात आणि लहान मुले त्यात हमखास काहीतरी ठेवतात. चौकोन आखताना एवढेच पाहावे की खिशाची जाड कड शिवणीच्या रेषेत येणार नाही.

पाठीच्या तुकड्यांतून आठवडी बाजाराची पिशवी होते. खालचा कमरपट्टा दोन पदरी आणि अतिशय घट्ट असतो. तो मधोमध कापला की दोन बंद मिळतात. बंद पिशवीला जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालावी, म्हणजे पाच-सहा किलो कांदे-बटाटे घेऊनही ते सुटत नाहीत. झाकणासह उसवलेला छातीचा खिसा मागे कापड लावून बटवा होतो. कफची पट्टी केबल किंवा चार्जरची तार गुंडाळून बटण लावून ठेवायला चांगली. कॉलर बहुधा फारच झिजलेली असते, तिला फार वेळ देऊ नये.

उरलेल्या लहान तुकड्यांची गोधडी करताना डेनिमचा वजनदार स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. वर डेनिम आणि खाली डेनिम अशी गोधडी अंगावर घ्यायला जड होते आणि वाळायलाही फार वेळ लागतो. वर डेनिमचे चौकोन, खाली मऊ जुने लुगडे आणि मध्ये काहीच नाही किंवा एक पातळ चादर, ही रचना बरी. काही चौकोन सुलट आणि काही उलट लावले तर रंग न आणताही नक्षी उमटते. एका जॅकेटात मोठ्या माणसाची गोधडी होत नाही, पण देवापुढचे आसन किंवा ओसरीवरची बसकर होते. गरम भांडी धरायचे फडके करायचे तर शुद्ध सुती डेनिमचे तीन-चार थर एकत्र शिवावेत. ते ओले असताना वापरू नये, ओल्या कापडातून चटका थेट हाताला बसतो. लांब अरुंद चिंध्यांची तीनपदरी वेणी घालून, ती गोल गुंडाळून दोऱ्याने टाचली की डोक्यावर घागर किंवा भारा घ्यायची चुंबळ होते. तीच वेणी आणखी वाढवत नेली की दारातले पायपुसणे.

या तुकड्यांचा सर्वांत देखणा उपयोग पोळ्याला होतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल चढते, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. लाकडी बैलाची झूल वितीएवढी असते. तिला खिशाचे झाकण किंवा योकचा तुकडा पुरतो. निळ्या पार्श्वभूमीवर लाल-पिवळ्या लोकरीचे गोंडे, आरसे आणि कवड्या खुलून दिसतात, आणि कापड जाड असल्याने ते सारे टाचले तरी झूल लोंबकळत नाही. मुलाला सुई-दोरा हातात धरायला शिकवण्यासाठी याहून चांगले काम क्वचितच सापडेल. खऱ्या बैलासाठी दोन-तीन जॅकेटांची झूल करता येते, पण श्रावणातल्या दमट उन्हात ती जनावराला गरम होते. मिरवणूक संपताच उतरवावी.

डेनिमच्या पुनर्वापरातून आज काहींनी उद्योगही उभे केले आहेत. मुंबईतली ‘द्विज’ ही कंपनी वापरलेल्या जीन्सपासून पिशव्या आणि इतर वस्तू बनवते. गावात शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा बचत गटाला असे काम करायचे असेल तर कापडाचा खर्च जवळजवळ नसतो. खरा खर्च उसवण्याच्या वेळेचा असतो, आणि किंमत ठरवताना नेमका तोच बहुतेकदा धरला जात नाही. एक पिशवी उसवण्यापासून बंद लावेपर्यंत किती तास घेते ते आधी घड्याळ लावून मोजावे आणि मगच दर सांगावा. सुरुवातीला एकाच आकाराची एकच वस्तू करत राहिले की हातही बसतो आणि वेळही घटतो.

सगळे करून शेवटी मूठ-दोन मूठ चिंध्या आणि तोडलेले दोरे उरतातच. ते बारीक कातरून लोडात किंवा मुलांच्या चेंडूत भरता येतात, मात्र एकट्या डेनिमच्या भरणाने लोड दगडासारखा होतो, तेव्हा त्यात निम्मा कापूस मिसळावा. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, म्हणून शिवणींचे तुकडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. शुद्ध सुती चिंध्या तिथे हळूहळू कुजतात. न वाकता निघालेली तांब्या-पितळेच्या रंगाची बटणे वेगळ्या डबीत ठेवावीत, आणि वाकलेली भंगारात द्यावीत.